लाभ, दोन, तीन

नंबऱ्या लिहून झाला त्या दिवशी मला वाटलं, आता अख्ख्या कोल्हापुरात माझ्याएवढं डोकं कुणाला नाही. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच वाटलं. माणसाला स्वतःबद्दल एवढं वाटू नये, पण तेव्हा मला सांगणार कोण?

नंबऱ्या म्हणजे मी लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम. दोन हजार सालच्या आगेमागे मी राजारामपुरीत, एका गादी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर नोकरीला होते. परदेशातली जाडजूड कायद्याची पुस्तकं आमच्याकडं यायची आणि आम्ही पंधरावीस जण ती खुणा घालून कॉम्प्युटरवर चढवायचो. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप, अशी प्रत्येक तुकड्याच्या पुढं-मागं कंसातली खूण. शिवाय प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा नंबर. पुस्तकात कुठंतरी 'अमुक परिच्छेद पाहा' असं असतं, त्यावर क्लिक केलं की नेमका तोच परिच्छेद उघडायला हवा. नंबरच नसला तर उघडणार काय, कपाळ? हे नंबर आम्ही हातानं घालायचो, दिवसभर. मधला एक परिच्छेद सुटला की पुढचं सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून. मनगटं भरून यायची.

मी चिडून चिडून तीन आठवड्यांत नंबऱ्या लिहिला. त्याला ना चित्र ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, प्रोग्रॅमचं नाव आणि फाइलचं नाव, आणि एंटर मारायचा. पापणी लवायच्या आत हजार तुकड्यांना हजार नंबर. वर 'पाहा' असलेल्या प्रत्येक जागेला त्या त्या नंबराची दोरी बांधून मोकळा. एखादा नंबर सापडला नाही तर तेवढी ओळ पडद्यावर दाखवायचा. साहेबांनी पेढे वाटले. नंबऱ्या हे नाव पोरींनी ठेवलं, आणि मी आठवडाभर नाकानं कांदे सोलत फिरले.

घरी आप्पा होते. माझे वडील. मार्केट यार्डात उभी हयात मापाडी म्हणून गेलेली. आधी लाकडी मापानं, मग तराजूवर. मापाडी धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही. शकुन म्हणून 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, असं सुरात चालतं. मी लहानपणी यार्डात पोत्यांवर बसून ते ऐकलंय, इतकं की शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी अंक म्हणायला सांगितल्यावर मीसुद्धा 'लाभ'नं सुरुवात केली आणि वर्ग हसला. तेव्हापासून मला त्या शब्दाची चीड होती. आता वाटतं, चीड कसली, लाज होती.

आप्पांना शब्दांचा नाद होता. सीमेकडचे आम्ही, घरात निम्मं कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. यार्डात शाहूवाडीचा भातवाला येणार, गगनबावड्याचा नाचणीवाला येणार, खालच्या अंगाचा गूळवाला येणार, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. आप्पा मापता मापता शब्द कानात साठवायचे आणि घरी येऊन कार्डावर लिहायचे. कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. कोरी बाजू आप्पांची, छापील बाजूला कुणाचं तरी शुभमंगल. निवृत्त झाल्यावर तर दुसरा उद्योगच नाही. गुळाच्या शब्दांची एक गड्डी, बैलाची एक, भाताची एक, मापाची एक, अशा पंचवीसेक गड्ड्या दोऱ्यानं बांधलेल्या. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात गड्डीतला आकडा. आणि एका कार्डावरून दुसऱ्या कार्डाकडं बोट दाखवलेलं: दशमीच्या कार्डावर 'हिच्यासंगं काकवी, पाहा गूळ ९'. सातवी शिकलेला माणूस, पण गुंफण अशी, की एक कार्ड धरून ओढलं तर सगळा यार्ड बाहेर यावा.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. एक डोळा गेलाच होता, दुसरा चालला होता. आणि त्याच वर्षी बाहेरगावच्या एका संस्थेनं बोलीतले शब्द गोळा करून त्यांची सीडी काढायचं ठरवलं. आप्पांच्या ओळखीच्या एका गुरुजींनी त्यांना आप्पांचं नाव सुचवलं. संस्थेचं पत्र आलं: संग्रह पाठवा, कॉम्प्युटरवर, खुणा आणि नंबरांसह, तपासून घेऊ. आप्पांनी ते पत्र चार वेळा वाचून घेतलं. पहिलं माझ्याकडून, मग अव्वाकडून, मग शेजारी, मग पुन्हा माझ्याकडून.

"दिसतंय तवर व्हायला पायजे गं," म्हणाले. "पडद्यावर माझं एक कार्ड उगडून बघायचंय. मग गेला डोळा तर जाऊ दे."

एवढंच मागणं होतं त्यांचं. दुसरं काही त्या माणसानं माझ्याकडं कधी मागितलं नाही.

मी पाच महिने रोज ऑफिस सुटल्यावर तिथंच बसून कार्डं टाइप केली. साहेबांची परवानगी होती. कष्ट केले, ते नाकारत नाही. पण कष्टाचा माज असतो, तो मला होता. कोपऱ्यातले आकडे मी टाइपच केले नाहीत. कशाला? नंबऱ्या आहे की. कार्डं ओळीनं आहेत, तो प्रत्येक गड्डीत एकपासून ओळीनं आकडे घालील. प्रत्येक गड्डीतल्या पहिल्या कार्डावर तेवढा आकडा नव्हता, 'लाभ' होतं. गुळाच्या गड्डीत पहिलं कार्ड 'गूळ', बैलाच्या गड्डीत 'बैल'. मी म्हटलं, हे शीर्षक. शीर्षकाची खूण घातली आणि पुढं गेले. शीर्षकाला नंबऱ्या नंबर देत नव्हता, तो नोंदींनाच द्यायचा.

एका रविवारी जेवताना आप्पांनी विचारलं, "लाभाचं काय केलंस?"

घरात पाहुणे होते. अव्वाच्या माहेरची माणसं, शिवाय शेजारच्या काकू. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, "आप्पा, कॉम्प्युटरला शकुन-अपशकुन नसतोय. तुमच्या लाभाचं आता काय काम न्हाई. तो बराबर मोजतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पाहुणे हसले. आप्पाही हसले आणि म्हणाले, "तुला कळतंय न्हवं, मग झालं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या माणसानं मला बरोबर जागी बोट ठेवून दाखवलं होतं आणि मी चारचौघांत ते बोट झटकलं.

टायपिंग संपलं, नंबऱ्या चालवला. सात-आठ ठिकाणी त्यानं तक्रार केली, 'असा नंबर नाही'. बघितलं तर आप्पांनी जे जे गड्डीतल्या शेवटच्या कार्डाकडं बोट दाखवलं होतं, नेमकं तेच सापडत नव्हतं. कुणाही शहाण्याला तिथं शंका आली असती. मला आली नाही. मी म्हटलं, आप्पा चुकले असणार, वय झालं. त्या जागा मी सरळ पुसल्या. घरी जाऊन सांगितलंसुद्धा: "आप्पा, तुमच्या सात-आठ चुका निघाल्या. काढून टाकल्या मी."

"माझ्या?" आप्पा म्हणाले. मग अव्वाला म्हणाले, "न्हाय म्हटलं तरी पंधरा वर्सांचं काम हाय. ऱ्हातंय एखादं."

फाइल संस्थेकडं गेली. अडीच महिन्यांनी जाड लिफाफा आला. आप्पा सदरा बदलून खुर्चीत बसले, टोपीसुद्धा घातली, आणि म्हणाले, "वाच." मी उभ्या उभ्या वाचायला लागले.

तपासणाऱ्या कुणा विद्वानानं लिहिलं होतं, भाषा सभ्य, एकेक शब्द तोलून. संग्रहात परिश्रम दिसतात. परंतु परस्परसंदर्भ जवळपास सर्वत्र चुकीचे आहेत. 'दशमी'सोबत 'काकवी' पाहा म्हटले आहे, तिथे 'चिपाड' उघडते. 'गुळव्या' पाहा म्हटले आहे, तिथे 'मळी' उघडते. अशी दोन पानं. आणि शेवटी: संकलकांचे वय व प्रकृती लक्षात घेता हे दोष त्यांच्या ध्यानी आले नसावेत, तरी संग्रह सध्याच्या स्वरूपात घेणे कठीण आहे, आपले म्हणणे कळवावे.

अव्वाचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मला मध्येच थांबायला हवं होतं, पण मी भराभर शेवटपर्यंत वाचून टाकलं, कडू औषध एकदम गिळावं तसं. गिळलं आप्पांनी, मी नाही.

"म्हंजे सात-आठ न्हवं," आप्पा म्हणाले. "समदंच चुकलंय." मग स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून म्हणाले, "डोळ्याच्या आधी हे गेलं म्हणायचं. आणि मला कळलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी फाइल उघडली. मनात अजूनही हेच, की आप्पांच्या चुका दुरुस्त करू. दशमीच्या कार्डावरच्या काकवीवर क्लिक केलं, चिपाड. काकवी त्याच्या अलीकडची. गुळव्यावर क्लिक केलं, मळी. गुळव्या तिच्या अलीकडचा. बैलाच्या गड्डीत गेले, तिथंही तेच. मापाच्या गड्डीत तेच. प्रत्येक दोरी नेमकी एका घरानं पुढं बांधलेली. एक माणूस पंधरा वर्षं प्रत्येक वेळी एकानंच आणि एकाच बाजूला चुकेल कसा? मापाड्याच्या लेकीला एवढं कळायला लिफाफा यावा लागला. आप्पांच्या लेखी लाभाचं कार्ड पहिलं होतं, मी ते मोजलंच नव्हतं. त्यांचं दोन ते माझं एक झालं, आणि तिथून शेवटपर्यंत सगळं सरकलं. अगं बाई गं, म्हणून मी मोठ्यानं बोलले, तर शेजारची पोरगी म्हणाली, काय झालं? काही नाही म्हटलं.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. शीर्षकाची खूण काढून नोंदीची घातली, पुसलेल्या सात-आठ जागा परत लिहिल्या आणि नंबऱ्या चालवला. एकही तक्रार नाही. अख्ख्या संग्रहात आप्पांची एकही चूक नव्हती. एकही नाही. डबा मी तसाच बंद परत नेला.

वाटेत मनाशी वाक्यं जुळवली होती. आप्पा, चूक माझी, तुमची न्हवं. एवढंच तर बोलायचं होतं. घरी पोचले तर आप्पा पाटावर बसलेले, समोर कोरा कागद आणि माझंच पेन. "आलीस? बरं झालं. लिही," म्हणाले. "मराठी तुझी शुद्ध हाय. नीट लिही, शिकल्याली माणसं हाईत ती."

त्यांनी दिवसभर मनात घोळवलेलं असणार, कारण अडखळले नाहीत. महोदय. माझ्या वयोमानामुळे व विस्मरणामुळे नोंदींत दोष राहिले. तपासण्यात आपला अमूल्य वेळ खर्च झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. संग्रह मी मागे घेत आहे. माझ्या मुलीने टाइप करण्याचे काम चोख केले आहे, तिचा यात काही दोष नाही.

हे शेवटचं वाक्यही मी लिहिलं. माझ्या हातानं, शुद्ध मराठीत.

प्रत्येक पूर्णविरामाला वाटत होतं, आता बोलावं. मग वाटायचं, पुढचं वाक्य होऊ दे. अव्वा चहा घेऊन आली, म्हटलं ती जाऊ दे. मग सहीची वेळ आली. आप्पांना ओळ दिसेना, म्हणून त्यांचं बोट धरून मी कागदावर जागेला टेकवलं आणि त्यांनी सही केली. सकाळी ऑफिसला जाताना मीच ते पत्र पेटीत टाकलं.

लोक म्हणतील, नोकरीची भीती असेल. कसली भीती? नंबऱ्यात दोष नव्हताच, त्याला सांगितलं तेवढं त्यानं केलं. ऑफिसात कुणी ब्र काढला नसता. नोकरीची भीती असती तर निदान सांगायला एक कारण तरी झालं असतं. मला फक्त माझं चुकलं असं आप्पांच्या तोंडावर म्हणायचं नव्हतं. पाहुण्यांपुढं फुशारकी मारली होती, ती परत घ्यायची नव्हती. एवढ्याएवढ्यासाठी. माझी मलाच शिसारी येते.

आठ दिवसांनी मी संस्थेला फोन केला, गुपचूप, कोपऱ्यावरच्या पीसीओतून. म्हटलं, दुरुस्त फाइल पाठवते. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, संकलकांनी स्वतःच संग्रह मागे घेतलाय, पत्र आहे आमच्याकडं, यादी बंद झाली. तरी मी सीडी पाठवली. पोचल्याचं उत्तरसुद्धा आलं नाही. का यावं?

त्यानंतर आप्पा बदलले. शब्दांचं नाव काढीनात. गड्ड्या माळ्यावर गेल्या. पूर्वी कुणी घरात चुकीचा शब्द वापरला तर बाहेरच्या खोलीतून ओरडून दुरुस्त करायचे, ते बंद झालं. उलट प्रत्येक वाक्याला विचारायचे, "आज मंगळवारच न्हवं?" "मी गोळी घेतली न्हवं?" घेतलेली असायची, मंगळवारच असायचा. डोकं लख्ख होतं त्यांचं, शेवटपर्यंत. पण त्यांना ते खरं वाटेना. मी 'व्हय आप्पा' म्हणायची, की ते मान हलवायचे. माझ्याच शब्दावर त्यांचा सगळा भरवसा, दुसरं कुणी सांगितलेलं पटायचं नाही. काय न्याय आहे बघा.

दोन वर्षांनी, दुसरा डोळाही गेल्यावर, शाहूवाडीकडचे एक पावणे आले. यार्डातली जुनी ओळख, भेट म्हणून तांदूळ घेऊन आलेले. गप्पांत म्हणाले, "आमच्या घरात पैज लागल्या बगा. अधोलीत शेर किती? तुमी सांगाल त्ये खरं."

उभ्या यार्डात हा प्रश्न आला, की लोक आप्पांकडंच बघायचे. तराजू यायच्या आधी कित्येक वर्षं ते माप त्यांच्या हातात होतं. आप्पांनी तोंड उघडलं, हाताची ओंजळही मापासारखी झाली, आणि मग ती ओंजळ त्यांनी मांडीवर ठेवून दिली. "लेकीला विचारा," म्हणाले. "माझ्या डोक्याचा आता भरवसा न्हाई. चूक सांगायचो."

पावणे माझ्याकडं बघायला लागले. "दोन शेर," मी म्हटलं. आप्पा म्हणाले, "दोन? मला बी तसंच वाटत होतं," आणि केवढं बरं वाटलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले.

पावणे गेल्यावर मी आप्पांपुढं खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. लाभाचं कार्ड मी मोजलं नाही. सगळे आकडे एकानं सरकले. त्या सात-आठ चुकाही तुमच्या नव्हत्या. पत्र लिहायच्या आधी मला कळलं होतं, तरी मी लिहिलं. दहा मिनिटांत दुरुस्त केलं होतं, सगळं बरोबर निघालं, तुमचा एकही आकडा चुकलेला नाही. एका दमात बोलले. शिव्या द्या म्हटलं, हाणा मला, पण ऐका.

आप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग हात पुढं करून चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावरून हात फिरवला.

"किती जुळवून सांगतीस गं," म्हणाले. "समदं कसं बराबर बसवलंस."

"आप्पा, खरं हाय हे! शप्पत!"

"व्हय व्हय." हसत होते. दोन वर्षांत तसे हसले नव्हते. मग आतल्या खोलीकडं तोंड करून अव्वाला हाक मारली, "ऐकलंस काय? म्हाताऱ्याचं मन राखायला पोरगी माझी चूक आपल्या अंगावर घ्यायला लागलीया. पुण्यवान हाय मी."

अव्वा दारात येऊन उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. तिलाही तेच खरं वाटलं.